बोर्दोची तांबडी वाइन

मिश्रण म्हटलें कीं आपल्या मनांत प्रथम भेसळ येते. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्दो प्रांतांत मात्र, जेथें गारोन व दोर्दोन्य यांच्या संगमानें झिरोंदची खाडी बनते, मिश्रण हीच जुनी रीत आहे. कारण हवा बेभरंवशाची. मेर्लो हें द्राक्ष लौकर पिकतें, काबर्ने सोव्हिन्यों उशिरां. वसंतांतलें हिंव एकाला गांठतें, शरदांतला पाऊस दुसऱ्याला. दोन्ही लावणारा बागाईतदार सहसा पुरता बुडत नाहीं.

डाव्या तीरावरील गोटाळ जमीन ऊब धरते, तेथें काबर्ने. उजवीकडील चिकणमातींत मेर्लो. काबर्नेच्या तुरटपणाला मेर्लो मार्दव देतें. उरलेला तुरटपणा मांसांतील प्रथिनांशीं संयोग पावून निवळतो. म्हणूनच पोइयाक गांवीं कोंकराच्या भाजलेल्या मांसासोबत ही वाइन घेतात. माशाबरोबर ती बहुधा कडवट लागते.

१८५५ सालची दर्जांची यादी आजहि जवळजवळ तशीच आहे. हवा मात्र तशी राहिली नाहीं. उन्हाळे तापल्यानें मेर्लोंत साखर, आणि तिच्यामुळें मद्यार्क, वाढूं लागला. अखेर २०२१ सालीं पोर्तुगालच्या तुरीगा नासियोनालसह चार नव्या तांबड्या जातींस परवानगी मिळाली. तीहि मिश्रणांत १० टक्क्यांपुरतीच.