परराज्यांतील हरिणाचें मोल

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत म्यूल डिअर नांवाचें हरिण आढळतें. कान खेचरासारखे मोठे, म्हणून हें नांव. तेथें वन्य पशु जमीनमालकाचे नसून त्या त्या राज्यांतील जनतेची ठेव मानले जातात. म्हणून परराज्यांतील शिकाऱ्यास शुल्क जबर पडतें.

मोंटाना राज्यांत १९७६ सालीं हरिण, एल्क, काळें अस्वल, पक्षी व मासे यांच्या शिकारीचा जो हक्क स्थानिकास एकूण ३० डॉलरांत मिळे, त्यासाठीं परक्यास २२५ डॉलर मोजावे लागत. ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. परक्याची ही शिकार उपजीविका नव्हे, हौस आहे, असें म्हणून १९७८ सालीं न्यायालयानें राज्याचा पक्ष उचलून धरला.

तेव्हां हौसेचा हिशेब आधींच करावा. टॅग म्हणजे मारलेल्या जनावरास बांधावयाची चिठ्ठी. एका चिठ्ठीस एकच जनावर. पुष्कळ ठिकाणीं ती सोडतीनें मिळते, आणि नामांकित रानासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. शिवाय प्रवास, मुक्काम, मांस घरीं नेण्याचा खर्च निराळाच. एवढें करूनहि चिठ्ठीनें हरिण मिळत नाहीं. तें शोधण्याची परवानगी तेवढी मिळते. मात्र १९३७ च्या कायद्यान्वयें मध्यवर्ती सरकारचें साहाय्य घेणाऱ्या राज्यास परवान्याचा पैसा वन्यजीव खात्याबाहेर खर्चितां येत नाहीं. रिक्तहस्तें परतणाऱ्याचें शुल्कहि रानाच्याच कामीं येतें.