कपाटावरचं मशीन

भांडी-धुणं आवरून, गोठ्यातलं उरकून घटकाभर रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही घोरण्याबद्दल बोलणार आहोत. हसू आलं ना? आम्हीही आधी हसलोच होतो. त्याचंच सांगायचं आहे.

आमचा बचत गट बारा जणींचा. गटातल्या एका ताईंच्या घरची ही गोष्ट. त्यांना आणि त्यांच्या मालकांना, दोघांनाही विचारून सांगतो आहोत. ताई म्हणाल्या, "नाव तेवढं घेऊ नका, बाकी सगळं सांगा."

मालक दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. पहाटे चारला निघायचं, पाच-सहा गावांचं दूध गोळा करून शीतकेंद्रावर पोचवायचं. घोरणं असं की शेजारच्या घरात ऐकू जावं. ताई म्हणायच्या, "घोरत असले की मी निवांत. मधेच आवाज बंद होतो, तेव्हा मी उठून बसते. कोपरानं ढोसलं की मोठा श्वास घेतात आणि परत सुरू." मीटिंगमध्ये हे ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. त्या बाईची रात्रभर झोप होत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर एका पहाटे स्टेअरिंगवरच मालकांचा डोळा लागला. गाडी पाटाकडे गेली आणि कडेच्या बाभळीला अडकली, म्हणून वाचले. कॅन सांडले, पत्रा चेपला, माणूस खरचटण्यावर निभावला. गाव म्हणालं, पिऊन असेल. माळकरी माणूस, दारूला शिवत नाही. ते बोलणं त्यांना लागलं.

बीपीच्या गोळ्या चालू होत्याच. त्या वेळी डॉक्टरांनी ताईंना विचारलं, "हे घोरतात का? मधेच श्वास थांबतो का? दिवसा पेंगतात का?" तिन्हीचं उत्तर हो. मग जिल्ह्याच्या गावी झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी लावून एक रात्र झोपायचं. रिपोर्ट आला: तासाला ४२ वेळा श्वास अडकतो. तासाला ५ च्या खाली असेल तर ठीक समजतात, ३० च्या वर गेलं की आजार तीव्र. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

होतं काय, तर झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो. मग मेंदू माणसाला अर्धवट जागा करतो, वाट उघडते, मोठा श्वास येतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. पण झोप झालेली नसते. डोकं जड, चिडचिड, रात्री लघवीला दोन-तीनदा उठणं, दिवसा डुलक्या. बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे हवेचा दाब देणारं मशीन. त्याला सीपॅप म्हणतात. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय पहिल्यांदा करून पाहिला. मशीन खोलीतलीच हवा घेतं आणि नळीतून, मास्कमधून हलक्या दाबानं नाकात सोडतं. त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. एक गोष्ट नीट ऐका. यात ऑक्सिजन नसतो, सिलिंडर नसतो. कोरोनानंतर आपल्याकडे मास्क आणि नळी बघितली की लोकांच्या पोटात गोळा येतो. ताईंच्या घरी तर दोन बायका भेटायला आल्या, "ऑक्सिजनवर ठेवलंय म्हणे" असं म्हणत. त्यानं मालक आणखी खचले.

मशीन, मास्क मिळून ३८ हजार लागले. दोन बोकडं विकून १३ हजार आले. बाकीचं २५ हजारांचं कर्ज आम्ही गटातून दिलं. आम्हाला वाटलं, आपलं काम झालं.

दोन महिन्यांनी हप्ता थकला म्हणून आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. मशीन लोखंडी कपाटावर होतं, खताच्या पिशवीत गुंडाळून. मालक चारच रात्री वापरून थांबले होते. जीव घुसमटतो, तोंड कोरडं पडतं, नाकाच्या हाडाला वळ उठतो, हवा डोळ्यात जाते. त्यात धाकटा पोरगा ओरडला होता, "बाबांना सोंड आली!" आणि ताई रोज रात्री एकच वाक्य म्हणायच्या: "एवढं कर्ज काढलंय, लावत का नाही?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हीही तेच म्हणालो. "दादा, गटाचा पैसा आहे, वापरा की." दादा उठून गोठ्यात गेले. ताई आमच्यासमोर रडल्या. परत येताना वाटेत आम्ही गप्प होतो. कर्ज देताना आम्ही जामीनदार विचारले, हप्ता ठरवला. हे तोंडावर लावून माणूस झोपणार कसा, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

मग आम्ही डॉक्टरांकडे आणि मशीनवाल्याकडे ताईंसोबत दोनदा गेलो. विचारलेलं वहीत लिहून आणलं. ते तुम्हाला सांगतो.

पहिलं म्हणजे "लावत का नाही" असं विचारू नका. "नेमकं कुठं त्रास होतो?" असं विचारा. प्रत्येक त्रासाला वेगळा इलाज आहे.

दादांची मिशी भरघोस. त्यांना दिलेला मास्क फक्त नाकाचा होता. तो वरच्या ओठावर टेकतो. मिशीतून हवा सुटायची, म्हणून ते पट्टे करकचून आवळायचे, आणि त्यानं नाकावर वळ उठायचा. शिवाय त्यांना तोंड उघडं ठेवून झोपायची सवय, म्हणून तोंड कोरडं. डॉक्टरांनी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला. त्यात मिशी आत राहते. मिशी वाचली म्हणून दादा पहिल्यांदा हसले. मास्क तीन तऱ्हांचे असतात: नाकपुड्यांशी टेकणारा, नाक झाकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. मापंही वेगवेगळी असतात. घेतानाच विचारून ठेवा, नाही बसला तर किती दिवसांत बदलून मिळेल.

मास्क उभ्यानं बसवू नका. माणसाला आडवं होऊ द्या, मशीन चालू करा, आणि मग पट्टे हळूहळू ओढा. हवा सुटायची थांबली की पुरे. फेट्यासारखा आवळायचा नाही, पट्ट्याखाली बोट सहज गेलं पाहिजे. रात्री मास्क लावण्याआधी तोंड साबणानं धुवायचं. कपाळावरचं तेल, नाकाला चोळलेला बाम यानं मास्क घसरतो आणि त्याचं सिलिकॉन खराब होतं. दाढीचे खुंट असले तरी हवा सुटते.

आता सवयीचं. नवीन बैलाच्या मानेवर आपण पहिल्याच दिवशी भरली गाडी देतो का? इथंही तसंच. पहिले काही दिवस संध्याकाळी मालिका बघताना मास्क नुसता हातानं तोंडावर धरायचा, दहा मिनिटं. मग पट्टे लावून, मशीन चालू करून, बसल्या बसल्या. मग आडवं होऊन. मग दुपारच्या झोपेत. मग रात्री. सुरुवातीला वाऱ्यात तोंड करून मोटारसायकलवर बसल्यासारखं वाटतं, श्वास सोडताना जोर लागतो. बऱ्याच मशीनमध्ये दाब आधी कमी ठेवून हळूहळू वाढवायची सोय असते. ती चालू करून घ्या. दाब स्वतःच्या मनानं बदलू नका, तो डॉक्टरच ठरवतात. मध्यरात्री माणूस झोपेत मास्क काढून टाकेल. भांडू नका. जाग आली तर परत लावायचा, नाहीतर उद्या. आज एक तास, पुढच्या आठवड्यात दोन. निदान चार तास रोज, असं डॉक्टर बघतात, पण पोचायचं आहे पूर्ण रात्रीपर्यंत. किती तास वापरलं ते बहुतेक मशीन स्वतः नोंदवतं, म्हणून आपण पहारा द्यायची गरज नाही.

आता आपल्या घरातल्या अडचणी. मशीन जमिनीवर ठेवू नका, धूळ आत ओढली जाते. उशीपेक्षा थोडं खाली, स्टुलावर ठेवा. चुलीच्या धुरापासून लांब. मागची जाळी, म्हणजे फिल्टर, दर आठवड्याला बघा. काळी पडली की सांगितल्याप्रमाणे धुवा किंवा बदला. पाण्याची डबी असेल तर बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. औषधाच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घाला आणि सकाळी उरलेलं ओतून टाका. मास्कची गादी रोज साध्या साबणानं धुवून सावलीत वाळवा. कपड्याची पावडर नको, ऊन नको. नळी आठवड्याला एकदा धुवा आणि खुंटीला टांगा. ताईंची पहिली नळी उंदरानं कुरतडली होती.

लाईट गेली की मशीन बंद पडतं. घाबरू नका. मास्कला बारीक भोकं असतात, नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडपही असते, त्यामुळे श्वास कोंडत नाही. मास्क काढून कुशीवर झोपायचं. मात्र ती भोकं कधी बुजवू नका. तोंडावरून वाकळ ओढून झोपायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. पट्ट्यांचा काच लागू नये म्हणून आम्ही जुन्या सुती लुगड्याच्या खोळी शिवून दिल्या. त्या फक्त गालावरच्या पट्ट्यांना. मास्कच्या गादीखाली किंवा भोकांवर कापड नको.

डोळे लाल होणं, नाकातून रक्त, कातडी सोलणं, पोट हवेनं फुगणं, किंवा नीट वापरूनही दिवसा पेंग येणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. मशीन बंद करून कपाटावर ठेवणं हा इलाज नाही. दुसऱ्याचं मशीन परस्पर आणून लावू नका. विकत घ्यायच्या आधी काही दिवस भाड्यानं मिळतं का, ते विचारा. आम्ही ते विचारलं नाही, ही आमची चूक. आणि पेंग येते तोवर गाडी चालवू देऊ नका. दादांनी महिनाभर गाडी पुतण्याच्या हातात दिली, स्वतः शेजारी बसले. पगार अर्धा आला. त्या महिन्यात गटानं हप्ता पुढं ढकलला. व्याज घेतलं, दंड घेतला नाही.

पोराचं काय केलं, ते सांगायचं राहिलं. ताईंनी मशीन चालू करून नळीचं तोंड त्याच्या तळहातावर धरलं. "बघ, नुसता वारा आहे." आता रात्री बटण दाबायचं काम त्याचं आहे. दुसऱ्या कुणाला दाबू देत नाही.

पूर्ण रात्र जमायला दादांना जवळजवळ दोन महिने लागले. फरक काय वाटला विचारलं तर म्हणाले, "रात्री लघवीला उठत नाही. आणि सकाळी डोक्यावर दगड ठेवल्यासारखं वाटत नाही." बीपीच्या गोळ्या चालू आहेत. वजन कमी करायला सांगितलंय, ते अजून जमलेलं नाही. गाडी परत स्वतः चालवतात. गटाचे दोन हप्ते राहिलेत.

ताईंनी मात्र वेगळंच सांगितलं. पहिल्या शांत रात्री त्यांना झोपच येईना. घोरणं बंद, म्हणजे श्वास बंद, हे इतक्या वर्षांचं समीकरण. त्या अंधारात दादांच्या छातीवर हात ठेवून बसून राहिल्या. छाती वर-खाली होत होती. कधीतरी त्यांचा डोळा लागला, आणि पहाटे दादांनी त्यांना उठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

हे त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा आम्ही हसलो नाही. आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "मीपण घोरते गं. सकाळी डोकं ठणकतं. सून हसते म्हणून कुणाला सांगितलं नाही." बायकांनाही हा आजार होतो, पाळी गेल्यावर जास्त. पण बाई घोरते म्हटलं की लाज, आणि बाई थकते म्हटलं की कामाचा शीण, असं म्हणून आपण सोडून देतो. पुरुषाचं घोरणं ऐकायला शेजारी बायको जागी असते. मावशींचं ऐकायला कुणी जागं नव्हतं.

तुमच्या गटात एवढं करा. पुढच्या मीटिंगला वही बंद केल्यावर विचारा, कुणाच्या घरी कुणाचा श्वास झोपेत अडकतो? कोण दिवसा पेंगतं? असेल तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. पुढे छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवतील. जाताना त्या माणसाशेजारी जो झोपतो, त्याला सोबत न्या. खरी माहिती त्याच्याकडेच असते.

मावशींची तपासणी येत्या मंगळवारी आहे. सून सोबत जाणार आहे. आणि आमच्यातल्या दोघी.