समुद्रावर जाऊन येऊ
(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात ‘माझी सुट्टी’ या विषयावर केलेले भाषण)



मागे पुऱ्या तळायला घेतल्या आहेत, त्यामुळे मी थोडक्यात आटपते.

गेली २४ वर्षं आमच्याकडे सुट्टी म्हणजे इंडिया ट्रिप. तुमच्याकडेही तेच असणार. तीन आठवडे, चार बॅगा. त्यात बँक, दाताचा डॉक्टर, दोन लग्नं, शिंपी आणि सात-बाराचा उतारा. परत आल्यावर विश्रांतीसाठी ऑफिसला जायचं!

माझं माहेर डहाणूजवळ घोलवडला. चिक्कूची वाडी, आणि चालत दहा मिनिटांवर समुद्र. आई आधीच गेली होती, गेल्या वर्षी बाबाही गेले. वाडी विकली. या जानेवारीत पहिल्यांदाच असं झालं की सुट्टी होती, पण जायला घर नव्हतं. मुलगी म्हणाली, “आई, तुम्ही दोघं कुठेतरी जा आणि काहीही करू नका.” तिनेच तिकिटं काढली, मेक्सिकोतल्या पुएर्तो मोरेलोसची.

कॅनकून विमानतळावरून दक्षिणेला अर्ध्या तासाच्या आत हे गाव येतं. कॅनकूनचा गजबजाट इथे नाही. मध्ये एक चौक, मासेमारांच्या होड्या आणि धक्क्याजवळ एक कललेला दीपस्तंभ. १९६७ सालच्या ब्यूला चक्रीवादळात तो वाकला. गावाने तो तसाच ठेवला आणि शेजारी नवा बांधला. समोर थोड्याच अंतरावर प्रवाळाची रांग आहे. मोठ्या लाटा तिथेच फुटतात, किनाऱ्यापर्यंत येतं ते तळ्यासारखं शांत पाणी. १९९८ पासून हा प्रवाळ राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला आहे. पाहायला वाटाड्याबरोबर, लाइफ जॅकेट घालूनच जायचं. जाणार असाल तर हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात सरगॅसम नावाचं शेवाळ किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतं, आणि जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस.

पहिल्या दिवशी मी सवयीने वहीत टाइमटेबल लिहिलं. आमचे हे म्हणाले, “इथे कोणाकडे जेवायला जायचं आहे का?” वही बंद केली. पण खरं सांगते, स्वस्थ बसणं जमेना. दर अर्ध्या तासाने वाटायचं, कोणाला तरी फोन करायचा राहिलाय.

तिसऱ्या दिवशी गावाजवळच्या हायवेवरचं वनस्पती उद्यान पाहायला गेलो. तिथे एका उंच झाडाच्या खोडावर आडव्यातिडव्या खाचा दिसल्या. पानं ओळखीची वाटली. पाटीवर नाव होतं ‘चिकोसापोते’. मंडळी, ते चिक्कूचं झाड होतं! चिक्कू मूळचा इकडचाच. त्याच्या खोडाला खाचा पाडून चीक गोळा करायचा, तो उकळून त्याच्या वड्या करायच्या. तेच पूर्वीचं च्युइंगगम. जंगलातला हा माल पूर्वी याच बंदरातून जहाजाने बाहेर जायचा. मी लहानपणापासून समजत होते, कच्च्या फळाला चीक असतो म्हणून चिक्कू!

मी त्या खोडाला हात लावून उभी राहिले आणि बाबा आठवले. रायणीच्या खुंटावर चिक्कूचं कलम बांधताना ते कोणाशी बोलत नसत. काम संपलं की मात्र हात धुऊन म्हणायचे, “चल, समुद्रावर जाऊन येऊ.” मी दर ट्रिपला उत्तर द्यायची, “बाबा, आज तलाठ्याकडे जायचंय, पुढच्या वेळी नक्की.” २४ वर्षांत आम्ही दोघं किती वेळा समुद्रावर गेलो, ते मी तिथे मोजायला लागले. एका हाताची बोटं पुरली.

त्या संध्याकाळी आम्ही धक्क्यावर बसलो. होड्या परत येत होत्या, पेलिकन पक्षी माशांसाठी त्यांच्या भोवती घोटाळत होते. आम्ही दोन तास काहीही केलं नाही. मी थोडी रडले. ह्यांनी शहाळं आणून दिलं आणि एक शब्द बोलले नाहीत. पुढचे चार दिवस मात्र फोन करायचा राहिलाय असं एकदाही वाटलं नाही.

म्हणजे बघा, निवांत समुद्रकाठचं गाव माझ्या माहेरीच होतं, आणि त्याचं सुख काय असतं हे कळायला मला मेक्सिकोला जावं लागलं. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांना एवढंच सांगते : येत्या ट्रिपमधले दोन दिवस यादीतून काढून घ्या. बँक कुठे पळून जात नाही.

आम्ही येत्या डिसेंबरात घोलवडला जातोय. घर नाही, तर कोणाच्या तरी वाडीत पाहुणे म्हणून राहू. वही नेणार नाही. संध्याकाळी सुरूच्या बनातून समुद्रावर जाऊन येऊ.

चला, पुऱ्या गार होतायत.