वृद्धांचा टेलिफोन आणि तेरावा महिना

इंदूरच्या एखाद्या जुन्या वाड्यात राहणारे निवृत्त शिक्षक डोळ्यांपुढे आणावेत. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा बंगळूरला, मुलगी बडोद्याला. घरात ते आणि त्यांची पत्नी. खिशात बटणांचा लहानसा मोबाइल. स्वतः होऊन ते कोणाला फारसा फोन करीत नाहीत. पण रात्री साडेआठला मुलांचा फोन येतो, आणि त्याची वाट दिवे लागल्यापासून पाहिली जाते. एके रात्री तो फोन येत नाही. दुसऱ्या रात्रीही येत नाही. इकडे वडील मनातल्या मनात रुसतात. तिकडे मुलाचा जीव टांगणीला लागतो. तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा यंत्र हातात घेतो आणि सांगतो, "आजोबा, तुमचा रिचार्ज संपलाय."

ही हकिकत कल्पित असली, तरी तिच्यासारखे प्रसंग कोणत्याही गावात घडू शकतात. वृद्धांसाठी स्वस्त आणि सुटसुटीत प्लॅन निवडणे ही वरवर अगदी किरकोळ बाब वाटते. परंतु म्हातारपणी माणसाचा जगाशी असलेला संबंध पुष्कळदा त्या एका धाग्यावरच टिकून असतो. तो धागा कोणता घ्यावा, याचा विचार थोडा सावकाशीने करणे योग्य ठरेल.

भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी फोन करणाऱ्याप्रमाणे तो घेणाऱ्यालाही पैसे पडत. मे २००३ पासून जो फोन करील त्याने पैसे द्यावे अशी पद्धत आली आणि येणारा फोन फुकट झाला. पुढे काही वर्षे असे चालले की, एकदा सिमकार्ड घेऊन ठेवले म्हणजे खर्चावाचून फोन येत राहावेत. पुष्कळ वृद्धांच्या मनात मोबाइलची कल्पना आहे ती याच काळातली. परंतु सन २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी ठराविक मुदतीत किमान रिचार्ज करण्याची अट आणली. येणाऱ्या फोनलाही त्यामुळे अप्रत्यक्ष भाडे लागले. नियम बदलला, पण तो ज्यांना अधिक जाचणार होता त्यांच्यापर्यंत त्याची वार्ता नीटशी पोहोचली नाही.

आता या भाड्याचा हिशेब पाहावा. आपल्या पंचांगात अधिक मास सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो. मोबाइलच्या पंचांगात तो दरवर्षी येतो. कारण तेथील महिना पुष्कळदा अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि तेरा अठ्ठे मिळूनच वर्ष भरते. दर महिन्याला एक रिचार्ज, म्हणजे वर्षाला बारा, असे समजणाऱ्याला प्रत्यक्षात तेरा करावे लागतात. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. ग्राहकांच्या तक्रारी झाल्यावर सन २०२२ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, असा आदेश काढला की, प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन पुऱ्या तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येण्याजोगा ठेवलाच पाहिजे. पेन्शन ज्या तारखेला हाती येते, त्याच तारखेला रिचार्ज, अशी सांगड घालणे त्यामुळे शक्य झाले. ही सोय दुकानदार आपण होऊन सांगेलच असे नाही. ती मागून घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न इंटरनेटचा. बटणांचा साधा फोन वापरणाऱ्याला इंटरनेटचे प्रयोजन नसते. तरीही त्याला त्याचे पैसे भरावे लागत होते, कारण निव्वळ बोलण्याचा प्लॅन बाजारात जवळजवळ नव्हताच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियमांत बारावी दुरुस्ती करून केवळ बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळे व्हाउचर देणे कंपन्यांना बंधनकारक केले. अशा व्हाउचरची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. ही दुरुस्ती करताना वृद्ध ग्राहकांचा विचार स्पष्टपणे पुढे ठेवला होता.

तथापि यातून बचत किती होते, हे आकड्यांवरून पाहणे बरे. सन २०२५ च्या आरंभी एका मोठ्या कंपनीचे अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज १९९ रुपयांना मिळे. तेरा वेळा केल्यास ते २,५८७ रुपये होतात. त्याच कंपनीचा थोड्या इंटरनेटसह वर्षभराचा प्लॅन १,९९९ रुपयांचा होता, आणि इंटरनेट वगळून केवळ बोलण्याचा १,८४९ रुपयांचा. म्हणजे मुदत लांबवल्याने ५८८ रुपये वाचले, तर इंटरनेट सोडल्याने आणखी १५० रुपये. दर बदलत राहतात; पण या हिशेबातला बोध ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खरी बचत होते ती लांब मुदतीत. शिवाय वर्षातून तेरा वेळा तारीख लक्षात ठेवण्याचा आणि दुकानाची पायरी चढण्याचा त्रासही वाचतो.

अर्थात एकरकमी पावणेदोन-दोन हजार रुपये सर्वांनाच काढता येत नाहीत. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्र सरकारचा वाटा, सन २०२५ च्या आरंभीदेखील, एकोणऐंशी वर्षे वयापर्यंत दरमहा २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये असा होता. राज्ये त्यात आपली भर घालतात. एका अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जची किंमत या २०० रुपयांच्या शेजारी ठेवून पाहावी, म्हणजे जो गरीब त्यालाच महाग सौदा का पडतो हे कळून येईल. लांब मुदतीची स्वस्ताई ज्याच्याजवळ आधी पैसे आहेत त्यालाच लाभते. म्हणून दूरगावी असलेल्या मुलाने, भाच्याने, पुतण्याने वर्षातून एकदा हा भार उचलला, तर ती भेट साडीचोळी अथवा मिठाईपेक्षा अधिक उपयोगाची होईल. ते न जमल्यास ८४ दिवसांचे रिचार्ज हा मधला मार्ग आहे.

किमतीइतकेच महत्त्व ऐकू येण्याला आहे. ज्या कंपनीचा आवाज त्या घरात, त्या माणसाच्या खाटेपाशी स्पष्ट येत नाही, तिचा प्लॅन कितीही स्वस्त असला तरी महागच. शेजारी कोणती कंपनी वापरतात, जाड भिंतींच्या आतल्या खोलीतही रेंज मिळते काय, हे आधी पाहावे. यंत्राचीही एक अडचण असते. सन २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या कंपनीचे जाळे दुसऱ्या पिढीच्या जुन्या फोनवर चालतच नाही. तिचे सिमकार्ड घेतले तर यंत्रही नवे घ्यावे लागते. कंपनी बदलायची झाली, तरी नंबर बदलण्याचे कारण नाही. जानेवारी २०११ पासून देशभर तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. त्यासाठी 'पोर्ट' हा शब्द आणि आपला नंबर इंग्रजीत लिहून १९०० या क्रमांकावर संदेश पाठवावा लागतो. मात्र सध्याच्या कंपनीकडे निदान नव्वद दिवस झालेले असले पाहिजेत.

नंबर जपण्याचे कारण केवळ ओळखीपाळखीचे नाही. बँकेचे खाते, आधार, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, या सर्वांना लागणारा ओटीपी त्या एका नंबरावर येतो. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि मग म्हाताऱ्या माणसाच्या बँकेचे संदेश परक्याच्या हाती जाण्याचा संभव उत्पन्न होतो. सन २०१३ च्या एका नियमानुसार नव्वद दिवस न वापरलेल्या प्रीपेड नंबरात निदान वीस रुपये शिल्लक असतील, तर तेवढे कापून तो आणखी तीस दिवस राखला जातो. सोय चांगली आहे; पण तिच्यामुळे नंबर जिवंत राहतो, बोलणे चालू राहीलच असे नाही.

प्रीपेड आणि पोस्टपेड यांत वृद्धांना बहुधा प्रीपेड सोयीचे. कारण खर्चाला आपोआप लगाम बसतो. नकळत एखादे बटण दाबले जाऊन गाण्याची अथवा भविष्याची सेवा सुरू झाली असेल, तर १५५२२३ या क्रमांकावरून ती बंद करता येते. जाहिरातींचे फोन थांबवण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. "तुमचे सिम बंद होणार आहे, माहिती द्या," असे ट्रायच्या नावाने कोणी दरडावू लागला, तर फोन खुशाल ठेवून द्यावा. ट्राय कोणाला असे फोन करीत नाही. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

एवढे सगळे ऐकल्यावर कर्त्या मुलाला वाटेल की, आपणच काय ते ठरवून टाकावे. नेमके तेवढे मात्र करू नये. वडिलांजवळ घटकाभर बसावे आणि विचारावे, फोन कोणाला करता, कोणाचा येतो, रिचार्ज कोठून करता, ऐकू नीट येते का. उत्तरे ऐकावीत आणि मगच प्लॅन निवडावा. मुदत संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो कागद कॅलेंडरशेजारी लावावा, आणि त्याच तारखेच्या चार दिवस आधीची खूण स्वतःच्या कॅलेंडरावरही करावी.

इंदूरच्या त्या वाड्यात असा कागद भिंतीवर लागला, तर पुन्हा कधी तीन रात्री सुन्या जाणार नाहीत. साडेआठ वाजतील, यंत्र वाजेल, आणि पलीकडून आवाज येईल, "बाबा, जेवलात का?" वृद्धांसाठी सर्वांत चांगला प्लॅन कोणता, असे कोणी विचारले, तर हा प्रश्न ज्याच्यामुळे दररोज न चुकता ऐकू येतो तो, असेच उत्तर द्यावे लागेल.