पाच ओळींची इंग्रजी



आपल्यापैकी कितीतरी जणी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीच्या तयारीला लागल्या आहेत. कुणाची शाळा सातवीत सुटली, कुणाची लग्नामुळे नववीत. चूल, रान, जनावरं आवरून रात्री पुस्तक उघडायचं, हे सोपं नाही. मराठी, इतिहास कसंबसं जमतं. इंग्रजीचं पुस्तक मात्र पिशवीतच राहतं. “ते काही आपल्याच्यानं व्हायचं नाही,” म्हणून काही जणी फॉर्मच भरत नाहीत. एका विषयाच्या भीतीपायी अख्खी दहावी सोडायची, हे काही खरं नाही. आज इंग्रजी व्याकरणाच्या चार गोष्टी बघू आणि मग परिच्छेद लिहू. आधार घ्यायचा तो आपल्या मराठीचाच.

पहिली गोष्ट, शब्दांची जागा. मराठीत “कुत्रा सीतेला चावला” म्हणा, नाहीतर “सीतेला कुत्रा चावला” म्हणा, अर्थ तोच. कारण ‘ला’ सांगतो की चावा कुणाला बसला. इंग्रजीत असा ‘ला’ शब्दाला चिकटत नाही. तिथं जागाच सगळं सांगते. “द डॉग बिट सीता” म्हणजे कुत्रा सीतेला चावला. जागा बदलून “सीता बिट द डॉग” लिहिलंत, तर सीताच कुत्र्याला चावली! म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी कोण, मग काय केलं, मग कुणाला किंवा कशाला. आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते करणाऱ्याच्या पाठोपाठ येतं. तसंच ‘घरात’ मधला ‘त’ आपण मागं लावतो, इंग्रजीत तो पुढं येतो: “इन द हाऊस”. टेकडीवर म्हणजे “ऑन द हिल”.

दुसरी गोष्ट, ‘आहे’. “माझं नाव सीता” एवढं म्हटलं तरी मराठीत चालतं. इंग्रजीत क्रियापदाशिवाय वाक्य उभं राहत नाही. “माय नेम सीता” नाही, “माय नेम इज सीता”. आणि ‘मला’ने सुरू होणारी आपली वाक्यं जपून करा. “मला भूक लागली” हे “आय ॲम हंग्री” होतं. “मला दोन मुली आहेत” हे “आय हॅव टू डॉटर्स” होतं. इथं शब्दाला शब्द लावत बसू नका, अख्खं वाक्यच लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट ऐकून बरं वाटेल. आपण विकतो, विकते, विकतोस, विकतेस, विकतात, इतकी रूपं रोज न चुकता बोलतो. इंग्रजीत आय सेल, यू सेल, वी सेल, दे सेल, सगळीकडे एकच. फक्त तो, ती किंवा ते एकटं असेल तर शेवटी ‘स’ लागतो: “शी सेल्स मिल्क”. हा एक ‘स’ विसरला नाही, तर बऱ्याच चुका वाचतात.

चौथी गोष्ट, ‘अ’ आणि ‘द’. नातवंडांना गोष्ट सांगताना आपण म्हणतो, “एका गावात एक म्हातारी होती. त्या म्हातारीला एक मुलगी होती.” पहिल्यांदा ‘एक’, नंतर ‘त्या’. इंग्रजीतही बहुतेक वेळा तसंच: नवी गोष्ट आली की ‘अ’, ऐकणाऱ्याला ती माहीत झाली की ‘द’.

आता परिच्छेद. पुष्कळ जणी गाईडमधला परिच्छेद घोकतात. गाय पाठ केली आणि पेपरात शेळी आली, की पेन थांबतं. त्यापेक्षा परिच्छेदाची बांधणी शिका. तुमच्या गटाची सचिव बैठकीचं इतिवृत्त लिहिते, ते आठवा. बैठक कशासाठी होती हे आधी, काय काय झालं ते मधे, ठरलं काय ते शेवटी. परिच्छेदही तसाच. विषय एकच. पहिल्या ओळीत मुख्य गोष्ट, मधल्या तीन-चार ओळींत तिचा आधार, शेवटी त्यातून काय झालं ते. आपल्या गटावर लिहू या:

“अवर सेव्हिंग्ज ग्रुप हेल्प्स अस. टेन विमेन आर इन द ग्रुप. वी मीट एव्हरी मंथ. ईच वुमन सेव्ह्ज वन हंड्रेड रुपीज. लास्ट इयर वी बॉट अ सोइंग मशीन. नाऊ वी डू नॉट गो टू द मनीलेंडर.”

म्हणजे, आमचा बचत गट आम्हाला मदत करतो. गटात दहा बाया आहेत. दर महिन्याला बैठक होते. प्रत्येकीची शंभर रुपये बचत. गेल्या वर्षी शिलाई मशीन घेतलं. आता सावकाराकडे जात नाही. ‘हेल्प्स’ आणि ‘सेव्ह्ज’ मधला ‘स’ ऐकलात? मशीन पहिल्यांदा आलं म्हणून त्याला ‘अ’ लागला, तेही ऐकलंत? गेल्या वर्षीचं म्हणून ‘बाय’चं ‘बॉट’ झालं. यात देवीची जत्रा घालायची नाही. जत्रेचा परिच्छेद वेगळा.

लिहिताना आधी मराठीत पाच मुद्दे काढा, त्यांचा क्रम लावा. मग एका मुद्द्याचं एकच लहान वाक्य करा. लांब वाक्यात ‘आणि’, ‘म्हणून’ जोडत गेलं की वाट चुकते. लिहून झालं की प्रत्येक वाक्याला विचारा: करणारी कोण? क्रियापद कुठं आहे? ‘स’ हवा का?

सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ साली छापलेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. तेव्हा बाईनं अक्षर गिरवणंसुद्धा गावाला खपत नव्हतं. आपल्याला तर बोर्डाने परीक्षेचं दार उघडून ठेवलंय. लेकरांना विचारायची लाज वाटून घेऊ नका, त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा. रोज पाच ओळी. आज शेळीवर, उद्या विहिरीवर, परवा आपल्या सासूबाईंवर! गटाच्या बैठकीत एकमेकींचं वाचून बघा. चूक निघाली तर हसा, आणि खाली बरोबर वाक्य लिहा.