एका खुणेला एकच अर्थ



जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, भरले होते. आज त्याच शहरात आपण, लिहिलेली मराठी यंत्राच्या पोटात कशी साठते, याचा विचार करायला जमलो आहोत. या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

मला एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. जे अक्षर थेट लिहिता येत नाही किंवा लिहायचे नसते, ते प्रोग्रॅममध्ये खुणेने लिहितात. तिला एस्केप सिक्वेन्स म्हणतात. सी भाषेत आधी बॅकस्लॅश, मग एक्स आणि पुढे षोडशमान आकडा. खूण कुठे सुरू झाली ते बॅकस्लॅश सांगतो. ती संपली कुठे? सीच्या १९८९ च्या प्रमाणाचा नियम असा, की षोडशमान अंक मिळत राहतील तोवर ते सारे त्याच आकड्यातले धरायचे. अष्टमान खुणेला तीन अंकांची मर्यादा आहे, हिला नाही.

आता ‘अ’ आणि त्याला लागून इंग्रजी अंक १, असा एखाद्या गटाचा क्रमांक खुणांनी लिहून पाहा. यूटीएफ-८ मध्ये ‘अ’चे तीन बाइट होतात: ई०, ए४ आणि ८५. या तीन खुणांपुढे १ लिहिला, की कंपायलर ८५ वर थांबत नाही, ८५१ वाचतो. तो आकडा एका बाइटात मावत नाही आणि काम अडते. लिहिणाऱ्याच्या मनात एक, यंत्राच्या वाचनात दुसरे. म्हणून मजकूर मध्येच तोडून दोन अवतरणांत लिहिण्याची युक्ती रूढ झाली. सी प्लस प्लसच्या २०२३ च्या आवृत्तीने मात्र मुळावर इलाज केला: आकडा महिरपी कंसात लिहायचा. कंस मिटला, खूण संपली. जुनी पद्धतही चालू ठेवली, त्यामुळे आधीचे प्रोग्रॅम बंद पडले नाहीत.

मित्रहो, हाच पेच आपल्या मराठीतही आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द या जिल्ह्यातल्या किती अर्जांत, किती याद्यांत येतो! त्यातला र अर्धा; शेतातली ‘तुऱ्हाटी’ही त्याच अर्ध्या र ची. हा र रफार होऊन डोक्यावर गेला, की आचाऱ्यांचे आचार्य होतात. युनिकोडमध्ये तो तीन प्रकारे साठवता येतो. पहिला: ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त. दुसरा: साधा र, नुक्ता आणि हलन्त. तिसरा: साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच.

युनिकोडने इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाणाला धरून पहिला प्रकार मुख्य मानला. जोडकाचा प्रकार १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून ठेवला. पहिले दोन प्रकार प्रमाणीकरणात (नॉर्मलायझेशनमध्ये) एकरूप होतात. तिसरा होत नाही. म्हणून क्रमांकाला क्रमांक जुळवणाऱ्या साध्या शोधात एका प्रकारे लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या प्रकारे शोधणाऱ्याला सापडत नाही. नोंद समोर असते आणि यंत्र नाही म्हणते. ज्याचे नाव त्या नोंदीत आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही.

यातून मार्ग कसा काढायचा, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. पुढे कोणते नाव लिहायचे हे अधिसूचनेने ठरले आणि जुने दस्त जुन्या नावाने कपाटात राहिले. अक्षरांचेही तसेच करावे. लिहिताना एकच प्रकार, वाचताना सगळे प्रकार. प्रमाण म्हणजे तरी काय? लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातला करार. त्यात संदिग्धता राहिली, की तिची किंमत, तो करार ठरला त्या खोलीत कधीच नसलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणूनच असे बारीक नियम ठरवणाऱ्यांच्या कामाला मी मोठे मानतो.

या व्यासपीठावरून माझी तीन आवाहने आहेत. टंकलेखकांनी ऱ वापरावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो र च्याच कळीवर, शिफ्टसह आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मराठी मजकूर साठवण्याआधी प्रमाणित करावा आणि जोडकाचा प्रकार स्वतः नियम लिहून बदलून घ्यावा. शिक्षकांनी एस्केप सिक्वेन्स शिकवताना इंग्रजीबरोबर मराठी अक्षरांचीही उदाहरणे द्यावीत. ही तिन्ही कामे उद्यापासून, कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता सुरू करता येतील. ती आपण करावीत, एवढीच माझी विनंती.