पिस्तूल घेऊ का, ताई?

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपल्यावर एकीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताई, पिस्तूल घ्यायचं म्हणते. कोणतं घेऊ?" घर मळ्यात, नवरा वारलेला, बांधावरून भाऊबंदांशी वाद, आणि रात्री कुणीतरी कडी वाजवून पळतं. हसण्यावारी न्यावं असा प्रश्न नव्हता. मी पोलिसात तेवीस वर्षं काढली, म्हणून मला विचारलं.

आधी परवाना. वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. शस्त्र कशाला हवं ते लिहावं लागतं, म्हणून कडी वाजली की दर वेळी ठाण्यात तक्रार द्या, प्रत जपून ठेवा. मग पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षणही लागतं. एवढं करून परवाना मिळेलच असं नाही. मधेच कुणी गावठी कट्टा स्वस्तात देतो म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका. विनापरवाना शस्त्राला दोन ते पाच वर्षं कैद आहे, आणि कट्टा हातातच फुटूही शकतो.

आता कोणतं? नऊ एमएम आपल्याला मिळत नाही, ते फौज-पोलिसांचं. आपल्यासाठी बहुधा पॉइंट बत्तीस. नवशिकीनं रिव्हॉल्वर घ्यावं असं माझं मत. त्यात फिरतं चक्र असतं, उघडलं की गोळ्या आहेत की नाहीत ते डोळ्यांना दिसतं. एखादी गोळी उडाली नाही तर घोडा पुन्हा ओढायचा, पुढची येते. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते. "रिकामंच होतं" म्हणत झालेले अपघात मी पाहिलेत.

बायकांसाठी म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये 'निर्भीक' काढलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार. एका चांगल्या म्हशीपेक्षा महाग, बघा! हलकं म्हणून सोपं, असंही नाही. शस्त्र हलकं तितका गोळीचा धक्का हाताला जास्त. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली दोन्ही हातांत धरून हात सरळ ताणा, मिनिटभर थांबा. हात थरथरला तर अजून तयारी नाही.

घरात पोरं असतील तर उशीखाली, धान्याच्या कणगीत, कपड्यांच्या घडीत ठेवायचं नाही. कुलपाची पेटी हवी, गोळ्या वेगळ्या, किल्ली आपल्या कमरेला. पण मग मध्यरात्री कडी वाजली तर कुलूप उघडून, गोळ्या भरून होईपर्यंत काय? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि झाडायची कधी? बांध कोरला, शिवी दिली, चोर पळत सुटला, म्हणून नाही. जीव जाण्याची, जबर दुखापतीची, बलात्काराची किंवा पळवून नेण्याची खरी भीती समोर उभी असेल तर कायदा पाठीशी राहतो.

त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. अंगणात मोठा दिवा लावला, दाराला आतून अडसर बसवला, ११२ नंबर पोरीकडून पाठ करून घेतला. मिरचीच्या फवाऱ्याला परवाना लागत नाही, तो उशाशी ठेवलाय. अर्जही दिलाय. बुधवारी ठाण्यात चौकशीला बोलावलंय, मी सोबत जाणार आहे. बाटली रोज संध्याकाळी धरते म्हणाली.